घरातली मंडळी आणि पेटीची किल्ली

मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजाच्या बोलीत चर्चला 'मंडळी' म्हणतात. इमारतीला हा समाज देऊळ किंवा मंदिर म्हणतो. त्या देवळात जमणारी माणसे ती मंडळी. नव्या करारातील ज्या ग्रीक शब्दासाठी मराठी भाषांतरकारांनी हा शब्द योजला, तो 'एक्लेसिया' हा शब्द मुळात धर्माच्या क्षेत्रातला नव्हे. नगरराज्यातील नागरिकांच्या सभेला तो लावीत. म्हणजे जमलेली माणसे, त्यांचा विचारविनिमय आणि त्यांचा निर्णय, एवढाच त्याचा आशय. हा शब्दार्थ आज आठवण्याचे कारण असे की, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या मुंबईच्या उपनगरांत देवळावाचून भरणारी मंडळी ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

या सभांचे स्वरूप साधे असते. रविवारी सकाळी किंवा आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी चाळीतल्या अथवा पुनर्वसन इमारतीतल्या एका खोलीत पंधरा-वीस माणसे जमतात. सतरंजी अंथरली जाते. मराठीत, हिंदीत, तमिळ वा तेलुगू भाषेत गीते म्हटली जातात, बायबलातील एखादा उतारा वाचला जातो, त्यावर जो तो आपापल्या परीने बोलतो. आजारी, बेकार वा कर्जबाजारी माणसाचे नाव घेऊन प्रार्थना होते, चहा होतो आणि सभा उठते. ती चालविणारा पुष्कळदा पूर्णवेळ पाळक नसतो; पोटासाठी दुसरा उद्योग करणारा तो चारचौघांसारखाच माणूस असतो. न्यू लाइफ फेलोशिपसारख्या संस्थेने मुंबईतील आपला विस्तार अशा घरोघरच्या सभांच्या जाळ्यावरच केला. मुंबईच्या कॅथलिक महाधर्मप्रांतानेही १९८० नंतरच्या काळात विस्तीर्ण धर्मग्रामांची विभागणी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लहान ख्रिस्ती समूहांत करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ज्याअर्थी परंपरागत चर्चलाही हा मार्ग जवळ करावासा वाटला, त्याअर्थी या प्रकाराच्या मुळाशी काही खरी गरज असली पाहिजे.

या विषयाकडे आपल्याकडे दोन ठरीव दृष्टींनी पाहिले जाते. हिंदुत्ववादी मंडळींना प्रत्येक घरगुती प्रार्थनेत धर्मांतराचा कट दिसतो. उलट आपल्यापैकी अनेकांना त्यात अफूची आणखी एक पुडी दिसते आणि अधिक चौकशीची आवश्यकता वाटत नाही. या दोन्ही दृष्टी आळशी आहेत. घरात भरणारी मंडळी हा परंपरागत चर्चच्या उणिवांवर सामान्य माणसांनी शोधलेला एक उपाय आहे, असे मला वाटते. मात्र पैशाच्या पेटीची किल्ली कोणाकडे आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला, या दोन गोष्टींचा निकाल लागल्याखेरीज तो उपाय पुरा होत नाही. हे म्हणणे जरा विस्ताराने मांडतो.

इमारत मागे राहते, माणसे पुढे जातात

उपनगरांतील ख्रिस्ती वस्ती ही काही कालपरवाची नव्हे. साष्टीच्या या पट्ट्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांच्याबरोबर चर्चच्या इमारती आल्या. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्यावर फ्रान्सिस्कन साधूंनी चर्च आणि विद्यालय उभारले. त्याचे भग्नावशेष आजही लेण्याच्या माथ्यावर उभे आहेत. इमारत ही सत्तेची खूण असते; सत्ता बदलली की इमारतीचा धनी बदलतो, हा धडा तेथे दगडातच कोरलेला आहे.

अंधेरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. मरोळच्या परिसरात १५७९ साली जेझुइटांनी सेंट जॉन द बॅप्टिस्ट या नावाचे चर्च बांधले. १८४०च्या सुमारास साथीमुळे गावकऱ्यांनी ते ठिकाण सोडले, ते मरोळ गावठाणात आले आणि तेथे त्यांचे नवे चर्च झाले. जुन्या चर्चच्या भिंती राहिल्या. १९७३ साली त्या परिसरात सीप्झ हे निर्यातक्षेत्र सुरू झाले आणि ते अवशेष कारखान्यांच्या कुंपणाआड गेले. ज्यांच्या पूर्वजांनी ते चर्च भरविले, त्यांना आज तेथे जावयाचे तर पहाऱ्यातून जावे लागते. तथापि मरोळची मंडळी नष्ट झाली नाही. ती उठून दुसरीकडे गेली.

येथील ईस्ट इंडियन समाजाच्या गावठाणांत नाक्यानाक्यावर क्रूस दिसतात. त्यांतील कित्येक १८९६च्या प्लेगच्या काळात उभारले गेले. साथीतून सुटका व्हावी म्हणून लोक तेथे जमून प्रार्थना करीत. त्या क्रुसांपाशी मे महिन्यात शेजारपाजारच्या बायाबापड्यांनी जमून जपमाळ म्हणण्याची चाल पुढेही राहिली. तेव्हा चर्चच्या भिंतीबाहेर, धर्मगुरूवाचून, शेजाऱ्यांनी एकत्र येऊन उपासना करणे हा प्रकार पाश्चात्त्य पैशावर आयात झालेला आहे, असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या उपनगराचा इतिहास पाहावा.

मराठी प्रोटेस्टंटांचा इतिहास निराळा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. १८३१ साली त्यांनी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ठाणे केले. पुढे त्या जिल्ह्यातील महार आणि मांग कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. त्यांच्या पुढच्या पिढ्या पोटासाठी मुंबईत आल्या. १९७० साली नागपूर येथे सहा संप्रदायांचे मिळून उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. ऐक्याचे ते पाऊल स्तुत्य होते. पण त्याच्या पाठोपाठ मिशनांच्या जमिनी, इमारती आणि विश्वस्त मंडळे यांच्या मालकीचे वादही आले, आणि त्यांतील काही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पूर्वजांनी ज्या देवळात माणूस म्हणून प्रथम मान मिळविला, त्या देवळाचा सात-बारा न्यायालयात असताना सामान्य सभासदाने खोलीत सतरंजी अंथरली, तर त्यात आश्चर्य ते काय?

घर आधी, देऊळ नंतर

ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या काळात खास उपासनेसाठी बांधलेल्या इमारती नव्हत्या. पौलाच्या पत्रांत प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरी, नुंफेच्या घरी, फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळींचा उल्लेख येतो. प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपे राहुट्या करण्याचा धंदा करी. सीरियातील दुरा-युरोपोस येथे उत्खननात सापडलेले तिसऱ्या शतकातील चर्च हे राहत्या घरात भिंत पाडून केलेले सभागृह आहे. ३१३ साली रोमन साम्राज्यात या धर्माला मोकळीक मिळाली, सम्राटाचा आश्रय मिळाला आणि त्यानंतर भव्य इमारतींचे युग सुरू झाले. राजाश्रयाबरोबर देऊळ आले, आणि देवळाबरोबर त्याचे व्यवस्थापन पाहणारा वर्ग आला.

समाजवादी विचारवंतांना या आरंभकाळाचे आकर्षण वाटले ते स्वाभाविकच होते. एंगल्स यांनी १८९४ साली आद्य ख्रिस्ती समाजाची तुलना आधुनिक कामगार चळवळीशी केली. रोझा लक्झेंबर्ग यांनी १९०५ साली आणि कार्ल कौट्स्की यांनी १९०८ साली या विषयावर लिहिले. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात आलेले सामाईक मालमत्तेचे वर्णन त्यांनी गांभीर्याने घेतले आणि त्याची मर्यादाही दाखविली. ती मर्यादा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये अशी आहे: त्या समाजात उपभोग सामाईक होता, उत्पादन सामाईक नव्हते. जेवण एका पंक्तीला होते, पण कमाई ज्याची त्याची होती. साहजिकच पंक्ती चालण्यासाठी सधनांच्या देणग्यांची गरज राहिली, आणि देणग्यांचे वाटप ज्याच्या हाती आले तो हळूहळू मंडळीचा अधिपती झाला.

घर हेसुद्धा निर्दोष स्थळ नव्हते. ते कोणाचे, हा प्रश्न तेव्हाही होता. करिंथ येथील मंडळीला पौलाने लिहिलेल्या पत्रात एक तक्रार आहे. एकत्र भोजनाच्या वेळी काही जण आधी येऊन पोटभर खातात-पितात आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते उपाशी राहतात, अशी ती तक्रार. रोमन धनिकाच्या भोजनगृहात सामान्यतः नऊ जणांची बसण्याची सोय असे; उरलेले अंगणात. यजमानाच्या बरोबरीचे आत आणि कष्टकरी बाहेर, असे घडले असावे असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. एका पंक्तीची प्रतिज्ञा करणाऱ्यांतही पंक्तिभेद शिरतो, हे आपल्याकडील वाचकांना वेगळे सांगावयास नको.

आपल्या उपनगरांतील घरमंडळीचे वैशिष्ट्य या पार्श्वभूमीवर उठून दिसते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिका आरंभी २२५ चौरस फुटांची होती, पुढे ती २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांची झाली. यजमानाची खोली आणि पाहुण्याची खोली यांत एका विटेचाही फरक नाही. करिंथच्या धनिकाचे आतले दालन येथे कोणापाशीच नसते. दारिद्र्याने लादलेली ही समता आहे हे खरे. पण या समतेत माणूस संकोच सोडून बोलू शकतो, हेही तितकेच खरे आहे.

टिळकांचा दरबार, रमाबाईंची मुक्ती

परंपरागत मंडळीला पर्याय शोधण्याचा विचार मराठी माणसाने यापूर्वी केलेला आहे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला, त्याचे एक मूलतत्त्व असे की, निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलालाची जरूर नाही. ते ख्रिस्ती झाले नाहीत. परंतु पुरोहिताच्या मक्तेदारीवरील त्यांचा आघात सर्वच धर्मांना लागू पडतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि अनेक वर्षे मिशनच्या सेवेत काढली. १९१७ साली त्यांनी ती वेतनाची सेवा सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या बंधुसंघात सामील होऊ शकत होते. वेतन परक्या मंडळाकडून येते तोवर मंडळीचा आवाजही परक्याच मंडळाला जबाबदार राहतो. टिळकांच्या निर्णयाचा आर्थिक अर्थ मला असा दिसतो. पण मे १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबारालाही पुढे फारसे आयुष्य लाभले नाही. एका व्यक्तीच्या तेजावर जी संघटना उभी राहते, तिच्या नशिबी बहुधा हेच येते.

पंडिता रमाबाईंची कथा अधिक कणखर आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही केवळ अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून एखादे मत स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. १८८९ साली मुंबईत शारदासदन आणि पुढे केडगावला मुक्तिसदन त्यांनी उभारले, ते कोणत्याही एका संप्रदायाच्या दावणीला न बांधता. तेथे दुष्काळातून आलेल्या स्त्रिया शेती करीत, छापखाना चालवीत, विणकाम करीत. म्हणजे उपभोगाबरोबर उत्पादनही सामाईक जीवनाचा भाग झाले. लक्झेंबर्ग आणि कौट्स्की यांनी जी उणीव दाखविली ती रमाबाईंनी आपल्या मर्यादेत भरून काढली होती. मुक्तिसदन टिकले याचे एक कारण त्यात आहे.

खोली का भरते?

आता आजच्या उपनगराकडे वळू. मुलुंडपासून भांडुप, कांजूर, विक्रोळीवरून घाटकोपरपर्यंतचा लालबहादूर शास्त्री मार्ग आणि अंधेरी-कुर्ला रस्ता हे एके काळचे कारखान्यांचे पट्टे. १९८०च्या दशकापासून तेथील एकेक कारखाना बंद पडला वा बाहेर गेला. त्या जागी मॉल, कचेऱ्या आणि निवासी मनोरे आले. कारखान्याबरोबर गेटसभा गेली, कामगार संघटनेची शाखा गेली, पाळीवरून सुटल्यावर चार माणसे भेटण्याचे ठिकाण गेले. कामगाराचा मुलगा आज कंत्राटावर पहारेकरी असतो किंवा मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचवितो. त्याला साप्ताहिक सुट्टी रविवारीच मिळेल याची शाश्वती नाही. सकाळच्या ठरलेल्या वेळी ठरलेल्या देवळात हजर राहणे ही त्याच्या दृष्टीने चैन आहे. घरातली सभा रात्री नऊलाही भरू शकते.

दुसरे कारण खर्चाचे. देऊळ म्हणजे स्थिर भांडवल: जमीन, बांधकाम, डागडुजी, पाळकाचे वेतन आणि निवास. मुंबईच्या जमिनीच्या भावात नवे देऊळ बांधणे कष्टकऱ्यांच्या मंडळीच्या आवाक्याबाहेरचे आहे. घरसभेचा स्थिर खर्च शून्याजवळ असतो, म्हणून ती भिशीसारखी वाढते. माणसे फार झाली की एकीच्या दोन होतात. पुनर्विकासामुळे एखादे कुटुंब बोरिवलीहून विरारला वा मुलुंडहून बदलापूरला फेकले गेले, तरी ते तेथे आपल्या खोलीत नवी सभा सुरू करते.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे नोंद. हजारो सभासदांच्या धर्मग्रामात एखादे कुटुंब तीन रविवार दिसले नाही तर कोणाच्या ध्यानात येणार? पंधरा जणांच्या सभेत एका रविवारच्या गैरहजेरीची विचारपूस सोमवारी घरी येते. नवऱ्याची नोकरी गेली, मुलीची फी थकली, खाजगी रुग्णालयाने आगाऊ रक्कम मागितली, हे तेथे आधी कळते आणि यथाशक्ति काही केलेही जाते. मार्च २०२० पासून महासाथीच्या काळात महाराष्ट्रातील सर्व प्रार्थनास्थळे महिनोन्‌महिने बंद होती. त्या अवधीत प्रत्येक मंडळी ही घरमंडळीच झाली, आणि ज्यांच्यापाशी शेजाऱ्यांचे असे गट आधीच बांधलेले होते त्यांना एकमेकांची वास्तपुस्त घेणे त्या मानाने सोपे गेले.

यात स्त्रियांचे स्थान विशेष लक्षात घेतले पाहिजे. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रीला धर्मगुरू होता येत नाही. ज्या चर्चांत तिला दीक्षा मिळते, तेथेही ती अपवादानेच दिसते. घरातील सभेत मात्र उतारा वाचणारी, प्रार्थना चालविणारी, आजाऱ्याकडे जाणारी बहुधा स्त्रीच असते. अर्थात सतरंजी घालणारी आणि कपबशा विसळणारीही तीच असते. सभा मोठी झाली, तिला नाव आणि फलक मिळाला की 'पास्टर' म्हणून तिचा नवरा वा भाऊ पुढे येतो, हा अनुभवही जुनाच आहे.

पेटीची किल्ली

येथून या चित्राची दुसरी बाजू सुरू होते. परंपरागत चर्चवर आपण कितीही टीका केली तरी त्याच्या भोवती काही बंधने असतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५०च्या कायद्यानुसार नोंदलेल्या न्यासाला हिशेब ठेवावा लागतो, त्याची तपासणी करून घ्यावी लागते, आणि स्थावर मालमत्ता विकावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पंच निवडले जातात, त्यांना जाब विचारता येतो, निदान न्यायालयात तरी जाता येते. खोलीतील सभेला यांपैकी काहीच लागू नसते. पंधरा माणसे आहेत तोवर त्याची गरजही भासत नाही. कोणी किती दिले आणि कोणाला किती गेले हे सर्वांना ठाऊक असते. पण सभेच्या पाच सभा झाल्या, शाळेचे सभागृह भाड्याने घेतले, उत्पन्नाचा दशमांश देण्याचा आग्रह सुरू झाला आणि तो पैसा एका माणसाच्या खात्यात जाऊ लागला, की बंधुत्वाचे रूपांतर खाजगी दुकानात होण्यास वेळ लागत नाही. पंच कमिटीचे राजकारण नको म्हणून जो देवळातून बाहेर पडला, तो आता जेथे कमिटीच नाही अशा ठिकाणी येऊन पोचलेला असतो.

आजार बरे करण्याच्या प्रार्थनेबाबतही स्पष्ट बोलले पाहिजे. आजाऱ्याच्या उशाशी चार माणसे बसली, त्याला धीर मिळाला, यात गैर काही नाही. पण औषध बंद करा, डॉक्टरकडे जाणे हा अविश्वास आहे, असे कोणी सांगू लागला तर ती फसवणूक आहे, मग ती कोणत्याही देवाच्या नावाने होवो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात झालेला जादूटोणाविरोधी कायदा कोणत्याही एका धर्मापुरता नाही. मात्र उपचार परवडत नाहीत म्हणून माणूस चमत्काराकडे वळतो, हेही विसरता कामा नये. सार्वजनिक रुग्णालयात खाट मिळाली असती तर चमत्काराचा बाजार निम्मा उठला असता.

लॅटिन अमेरिकेचा अनुभव येथे उद्बोधक आहे. १९६८ साली कोलंबियातील मेदेयीन येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेनंतर ब्राझीलमध्ये हजारो पायाभूत ख्रिस्ती समूह उभे राहिले. शेतमजूर आणि झोपडपट्टीवासी बायबल वाचीत, त्याच्या उजेडात आपल्या परिस्थितीचा विचार करीत आणि मग पाण्यासाठी, जमिनीसाठी लढा उभारीत. १९८० साली तेथे मजूर पक्ष स्थापन झाला, त्याला कामगार संघटनांबरोबर या समूहांचेही बळ मिळाले. पुढे रोमने लगाम खेचला. १९८५ साली लिओनार्दो बॉफ या धर्मशास्त्रज्ञावर मौनाची आज्ञा लादण्यात आली. आणि तेथील गरिबांतले पुष्कळ लोक समृद्धीचे आश्वासन देणाऱ्या पेंटेकोस्टल सभांकडे गेले. तात्पर्य, सभा घरात भरते एवढ्यावरून ती मुक्तीकडे जाते की बाजाराकडे, हे ठरत नाही. उतारा वाचून झाल्यावर आपल्या नळाला पाणी का नाही, हा प्रश्न त्या खोलीत विचारता येतो की नाही, यावर ते ठरते.

जन्म, लग्न, मरण आणि दाखला

घरमंडळीची खरी कसोटी आणखी तीन प्रसंगी लागते. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न लावण्याचा अधिकार दीक्षित वा परवानाधारक धर्मगुरूला किंवा विवाह निबंधकाला आहे. घरातील सभेच्या चालकापाशी असा अधिकार नसला तर त्याने लावलेले लग्न पुढे वारसाहक्काच्या वेळी त्या स्त्रीला अडचणीत आणते. दफनभूमी पॅरिशची वा जुन्या मंडळीची असते. सभासदत्व सोडलेल्याला मरणानंतर त्याच दाराशी उभे राहावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडमधील बस्तरच्या एका पाळकाचा मृतदेह दफनाच्या वादामुळे सुमारे तीन आठवडे शवागारात पडून होता. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि अखेर गावापासून दूर असलेल्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला जागा देण्याचा आदेश निघाला. मेलेल्या माणसाला आपल्या गावात जागा मिळत नाही, तेथे जिवंतांच्या उपासनास्वातंत्र्याची किंमत काय राहिली?

आणि शेवटी जात. राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान त्याबाहेर ठेवले गेले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्मा घेतलेल्या एका स्त्रीचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला आणि केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणे ही संविधानाची फसवणूक असल्याचे म्हटले. याचा परिणाम सरळ आहे. देवळाच्या नोंदवहीत नाव लिहिले की मुलाची शिष्यवृत्ती जाते. खोलीतील सतरंजीवर नोंदवही नसते. रविवारी मनापासून प्रार्थना करणारा माणूस सोमवारी तहसील कचेरीत गप्प राहतो. त्याला अप्रामाणिक म्हणण्याआधी, अस्पृश्यता धर्म बदलल्याने संपते असे गृहीत धरणाऱ्या कायद्याला आपण काय म्हणणार आहोत?

कार्यकर्त्यांचे काम

१९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला. ओडिशा आणि मध्य प्रदेशाचे १९६०च्या दशकातील कायदे त्याने वैध ठरविले. त्यानंतर अनेक राज्यांनी अधिक कडक कायदे केले. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा कायद्याच्या विचारासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. धर्माच्या प्रश्नाचा अभ्यास पोलीस प्रमुखाकडे सोपविला जातो, यातच शासनाची दृष्टी स्पष्ट होते. अशा वातावरणात घरातील प्रार्थना ही शेजाऱ्याच्या तक्रारीपासून ठाण्यातील चौकशीपर्यंत केव्हाही जाऊ शकते. सत्यनारायणाच्या पूजेला वा भजनाला सोसायटीची परवानगी लागत नसेल, तर पंधरा माणसांच्या प्रार्थनेलाही ती लागू नये. ध्वनिक्षेपकाचा नियम सर्वांना सारखा असावा, आणि तो पाळला गेला की शेजाऱ्याचा अधिकार संपला.

म्हणून उपनगरांतील साथींना माझे सांगणे आहे. आपल्या इमारतीत वा वस्तीत अशी सभा भरत असेल तर तिच्या चालकाला आणि विशेषतः तेथील स्त्रियांना ओळखा. जमाव दाराशी आल्यावर ओळख करून घेण्यास अवधी नसतो. लग्नाची कायदेशीर नोंद, शिष्यवृत्तीचा अर्ज, रुग्णालयातील सवलत, पाण्याच्या जोडणीचा अर्ज या कामांत त्यांना मदत करा आणि त्यांची मदत घ्या. १९५०च्या आदेशातील धर्माची अट जावी, या मागणीत त्यांच्याबरोबर उभे राहा. आणि स्नेह जडल्यावर, बाहेरच्या संशयाने नव्हे तर शेजाऱ्याच्या अधिकाराने, विचारा की जमलेल्या पैशाचा हिशेब महिन्याकाठी सर्वांसमोर वाचला जातो का, किल्ली दोघांच्या हाती आहे का, त्यांतली एक बाई आहे का. हाच प्रश्न भजनी मंडळाला, गणेशोत्सव मंडळाला, बौद्ध विहाराच्या समितीला आणि आपल्या स्वतःच्या पक्षशाखेलाही विचारावयाचा आहे. जेथे त्याचे उत्तर मोकळेपणाने मिळते, तेथे लोकशाहीचे शिक्षण चालू आहे असे समजावे, मग त्या खोलीत म्हटले जाणारे गीत आपल्या आवडीचे असो वा नसो.